भाऊसाहेब दोन ओळींत का तुटले

पहिल्याच दिवशी मी शेठच्या गाळ्यावर तोंडघशी पडले.

काम वाशीच्या एपीएमसीतलं, कांदा-बटाटा मार्केटमधलं. बारा वर्षांच्या हिशोबपट्ट्या एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अडकल्या होत्या आणि ते ज्या कॉम्प्युटरवर चालायचं तो दर दोन दिवसांनी रुसायचा. शेठची मागणी साधी होती. शेतकऱ्याचा फोन आला की नाव टाकायचं, त्याच्या सगळ्या पट्ट्या समोर दिसल्या पाहिजेत. जुन्या सॉफ्टवेअरने जाता जाता एक मेहरबानी केली, सगळा डेटा एका फाइलमध्ये बाहेर काढून दिला. फाइल २६४ एमबीची, ओळी ७ लाख १८ हजार. एका ओळीत एका शेतकऱ्याच्या एका प्रतीच्या मालाचा हिशोब. दिनांक, पट्टी नंबर, नाव, गाव, प्रत म्हणजे गोळा की मध्यम की गोल्टी की बदला, मग गोण्या, वजन, दर, रक्कम, हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडं आणि आडत, म्हणजे आडत्याची दलाली. एकूण चौदा रकाने.

मी घरी, कळव्याला, दहा ओळींचा नमुना घेऊन प्रोग्राम लिहिला होता. झकास चालला. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून तुर्भ्याला उतरले, रिक्षाने मार्केट गाठलं, शेठनी चहा मागवला, मी बटण दाबलं. स्क्रीनवर एकच ओळ आली, इंग्रजीत. तिचा अर्थ असा की दिलेली १३४२१७७२८ बाइट मेमरी संपली आणि तुम्ही आणखी सत्तावीस कोटी बाइट मागताय.

शेठनी विचारलं, "ताई, झालं का?"

"आलं थोडं," म्हणाले मी. काय आलं ते सांगितलं नाही.

तो आकडा गूढ वाटतो, पण १२८ ला १०२४ ने दोनदा गुणलं की तोच येतो. एका स्क्रिप्टने १२८ एमबीपेक्षा जास्त मेमरी खायची नाही, ही पीएचपीची, म्हणजे मी ज्या भाषेत प्रोग्राम लिहिते तिची, मुळातली मर्यादा. आणि मी काय केलं होतं? जे पंधरा वर्षं करत आले तेच. फाइल_गेट_कंटेंट्स, म्हणजे अख्खी फाइल एका स्ट्रिंगमध्ये, मजकुराच्या एकाच सलग तुकड्यात, ओता. मग एक्सप्लोड, म्हणजे तिच्या ओळी पाडा. मग फॉरईच, म्हणजे एकेक ओळ घेऊन काम करा. २००९ मध्ये ठाणे स्टेशनजवळच्या एका क्लासात मी पीएचपी शिकले तेव्हा सरांनी फळ्यावर हेच लिहिलं होतं आणि पुढची पंधरा वर्षं माझ्या फाइली दोन-पाच एमबीच्या वर गेल्याच नाहीत. कॉन्टॅक्ट फॉर्म, लॉगिन, एखाद्या सोसायटीची मेंटेनन्सची पावती. सवयीला कधी धक्काच बसला नव्हता.

घरी येऊन मी तेच केलं जे अशा वेळी सगळे करतात. मर्यादा वाढवली. ५१२ एमबी केली तर फाइल आत गेली, पण ओळी पाडताना मेली. १ जीबी केली, तरी मेली. याचं मला खरंच नवल वाटलं, कारण फाइल तर पाव जीबीची. मग बसून हिशोब केला. पीएचपीच्या ॲरेत, म्हणजे खान्यांच्या यादीत, प्रत्येक खान्याला १६ बाइटची चौकट लागते. त्या खान्यात मजकूर असेल तर त्या मजकुराच्या डोक्यावर आणखी २४ बाइटचं ओझं. "गोल्टी" एवढा शब्द ठेवायचा तरी वरचा खर्च ४० बाइट. चौदा रकाने, सात लाख ओळी. शिवाय मूळ स्ट्रिंग तशीच आत पडलेली, तिच्या पाडलेल्या ओळीही तशाच. कांद्यापेक्षा बारदानाचं वजन जास्त झालं होतं.

आणि लॅपटॉपवर कितीही वाढवली तरी शेठचं होस्टिंग शेअर्ड होतं, म्हणजे भाड्याचा सर्व्हर, अनेकांत वाटलेला. तिथे १२८ म्हणजे १२८.

दुसऱ्या खेपेला गेले तेव्हा शेठ नव्हते, दिवाणजी होते. ओतूरकडचे, साठीच्या पुढचे. अजूनही कॉम्प्युटरच्या जोडीने लाल कापडाच्या चोपडीत रोजमेळ लिहितात. भरवसा कशावर, हे विचारायची गरज नाही. त्यांना मी माझी अडचण सांगितली, मेमरी वगैरे शब्द टाळून. समोर गाडी खाली होत होती. माथाडी एकेक गोण काट्यावर टाकत होते आणि तोलणार आकडा पुकारून पुढची गोण बोलावत होता.

दिवाणजी म्हणाले, "मग अख्खी गाडी एकदम काट्यावर ओततेसच कशाला, पोरी?"

मी हसले, पण परतीच्या गाडीत घणसोली येईपर्यंत तेच डोक्यात होतं.

पीएचपीत हे करायची सोय नवी नाही. फाइल असो, नेटवरचा पत्ता असो, झिप केलेला डेटा असो की नुसती मेमरी, सगळ्याकडे एकाच पद्धतीने वाहता प्रवाह म्हणून बघायचं, हा स्ट्रीमचा थर वेझ फरलाँग यांनी घडवला आणि तो ४.३ या आवृत्तीत, डिसेंबर २००२ मध्ये आला. म्हणजे मी क्लासात बसले होते तेव्हा तो सात वर्षांचा झाला होता. गंमत म्हणजे मी ज्या फाइल_गेट_कंटेंट्सला इतकी वर्षं वापरत होते तेही आतून स्ट्रीमच उघडतं. फक्त प्रवाह शेवटपर्यंत उपसून एका बादलीत भरून देतं. बादली न भरता वाचायचं तर एफओपन करायचं, एफगेट्सने एकेक ओळ मागायची, काम झालं की एफक्लोज. तीन फंक्शन. पंधरा वर्षांत मला त्यांची गरज पडली नव्हती, एवढंच.

लिहिलं. मेमरी दीड-दोन एमबीच्या वर जाईना. मी खूश. मग स्क्रीनवर काय छापलं गेलंय ते बघितलं.

पहिली ओळ मराठीत, शुद्ध. दुसऱ्या ओळीपासून चिनी-कोरियन दिसणारी चित्रं.

फाइल यूटीएफ-१६ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहायच्या एका पद्धतीत, आहे हे मला माहीत होतं, जुन्या विंडोजवरच्या सॉफ्टवेअरची ती खोड. म्हणून मी प्रत्येक ओळ वाचून झाली की तिचं तशाच दुसऱ्या पद्धतीत, यूटीएफ-८ मध्ये, रूपांतर करत होते. यूटीएफ-१६ मध्ये आपल्या प्रत्येक अक्षराला दोन बाइट. ओळ संपल्याची खूण १० या आकड्याची, तीही दोन बाइटची होते, आधी १०, मग शून्य. एफगेट्सला हे काही ठाऊक नसतं. त्याला १० दिसला की तो तिथेच ओळ तोडतो आणि मागचं शून्य पुढच्या ओळीच्या डोक्यावर जाऊन बसतं. झालं, पुढच्या सगळ्या जोड्या एका बाइटने सरकल्या. सदऱ्याचं पहिलं बटण चुकीच्या काजात गेलं की पुढची सगळी चुकतात, तसं.

मी जुगाड केला. दुसऱ्या ओळीपासून प्रत्येक ओळीचा पहिला बाइट फेकून द्यायचा. चाललं! मराठी दिसायला लागली. नावं, गावं, गोल्टी, बदला, सगळं. रात्री साडेबाराला मी लॅपटॉप मिटला.

सकाळी ओळी मोजल्या. ७ लाख १८ हजारांऐवजी साडेसात लाखांच्या वर. बत्तीस हजार ओळी जास्तीच्या. शेतकऱ्यांनी न आणलेला माल माझ्या प्रोग्रामने आणला होता.

जास्तीच्या ओळी शोधणं सोपं होतं, कारण त्यांत चौदा रकाने नव्हते. एक काढून बघितली. ओळ "भा" वर संपली होती आणि पुढे एक प्रश्नचिन्ह. पुढची ओळ सुरू होत होती "साहेब" ने. दुसरी काढली. पुन्हा "भा", मग "राव". तिसरी, पुन्हा "भा", "साहेब". बारा वर्षांत या गाळ्यावर माल आणलेला प्रत्येक भाऊसाहेब आणि प्रत्येक भाऊराव बरोबर मधोमध तुटला होता. बाळासाहेब शाबूत, अण्णासाहेब शाबूत. फक्त भाऊ. आणि तुटताना ऊ गायब.

मी नवऱ्याला हाक मारून दाखवलं. तो म्हणाला, "नगर-नाशिककडचे दिसतात." त्याचा काही उपयोग झाला नाही.

शेवटी एका भाऊसाहेबांचे बाइट सुटे करून छापले. आठ खुणा, सोळा बाइट:

४५ ९ · ६२ ९ · १० ९ · ५६ ९ · ६२ ९ · ५७ ९ · ७१ ९ · ४४ ९

भ, काना, ऊ, स, काना, ह, मात्रा, ब. तिसरी जोडी बघा. ऊ या अक्षराचा युनिकोडमधला, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यातला, क्रमांक असा आहे की त्याचा खालचा बाइट येतो १०. ओळ संपल्याची खूण पण १०. एफगेट्सच्या दृष्टीने भाऊमधला ऊ आणि ओळीचा शेवट यांत काडीचा फरक नाही.

मग मी शेवटच्या जोडीकडे बघितलं आणि घाम फुटला. ब म्हणजे ४४. स्वल्पविरामही ४४. रकाने तोडणारं एफगेटसीएसव्ही मी या कच्च्या फाइलला थेट लावलं असतं तर "साहेब" मधला ब स्वल्पविराम ठरला असता आणि बटाट्याच्या प्रत्येक गाडीत एकेक रकाना वाढला असता. ढ चा खालचा बाइट ३४, म्हणजे दुहेरी अवतरणचिन्ह. आपल्या लिपीला यात दोष देण्यासारखं काही नाही. कोणाला तरी हे क्रमांक मिळायचेच होते, ते ऊ, ब आणि ढ ला मिळाले.

जाता जाता एक प्रयोग केला. जुन्या सॉफ्टवेअरमधून स्वल्पविरामाऐवजी टॅबने रकाने पाडलेली फाइल काढली, म्हटलं ही तरी बरी निघेल. टॅबचा क्रमांक ९. वरच्या आकड्यांत प्रत्येक जोडीतला दुसरा बाइट बघा. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराच्या पोटात टॅब आहे. भाऊसाहेबांचं एकेक अक्षर वेगळ्या रकान्यात गेलं. तो प्रयोग तिथेच पुरला.

इथे मला पहिल्यांदा कळलं की मी चुकीच्या टोकाने शिरले होते. मी आधी ओळ तोडत होते आणि मग अक्षरं ओळखत होते. प्रवाहात ओळ नसते, अक्षरही नसतं. नुसते बाइट एकामागून एक येत असतात. ओळ आणि अक्षर ही आपण त्यावर ठेवलेली नजर. तेव्हा आधी अक्षरं सरळ करायची आणि मगच ओळ तोडायची. पण फाइल अख्खी आत न घेता आधी अक्षरं कशी सरळ करायची?

उत्तर होतं स्ट्रीम_फिल्टर_अपेंड. उघडलेल्या प्रवाहाच्या तोंडाशी गाळणी लावायची. पीएचपीसोबत एक तयार गाळणी येते, कन्व्हर्ट डॉट आयकॉन्व्ह. तिला सांगायचं की येणारं यूटीएफ-१६, जाणारं यूटीएफ-८. त्यानंतर एफगेट्स किंवा एफगेटसीएसव्ही ओळ मागतं तेव्हा त्याच्या हातात गाळलेलेच बाइट पडतात. आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा एकही बाइट १२८ च्या खाली नसतो, त्यामुळे १०, ४४, ३४ हे आकडे आले की ते खरोखर ओळीचा शेवट, स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हच. ऊ तिथे तीन बाइटचा होतो आणि कोणाच्या अध्यात-मध्यात येत नाही.

एक ओळ कोड. माझा पहिला-बाइट-फेका जुगाड खोडला, गाळणी लावली. ओळी ७ लाख १८ हजार. भाऊसाहेब एकसंध.

फक्त "दिनांक" हा रकाना काही केल्या सापडेना. शीर्षकाच्या ओळीत डोळ्यांना "दिनांक" स्पष्ट दिसतोय आणि पीएचपी म्हणतं असा रकानाच नाही. लांबी मोजली. दिनांक या शब्दात सहा खुणा, तिनांनी गुणा, अठरा बाइट व्हायला हवेत. स्ट्रलेन म्हणालं एकवीस. फाइलच्या अगदी सुरुवातीला बाइटांची दिशा सांगणारी न दिसणारी एक खूण असते, ती गाळणीतून तीन बाइट होऊन "दिनांक" ला चिकटली होती. पहिल्या ओळीचे ते तीन बाइट उडवले. हा त्रास ज्याने सीएसव्ही, म्हणजे अशी स्वल्पविरामाने रकाने पाडलेली फाइल, हाताळली त्या प्रत्येकाला कधी ना कधी होतो, म्हणून जास्त सांगत नाही.

आता फंक्शनांकडे येते, कारण खरी मजा तिथे आली.

एकच लांबलचक फॉरईच होता. त्यात वाचणं, साफ करणं, बेरीज करणं, डेटाबेसमध्ये टाकणं, सगळं एका कढईत. मला ते सुटं करायचं होतं आणि सुटं केलं तर मध्ये ॲरे भरावे लागतात, म्हणजे पुन्हा मेमरी. यील्ड हा शब्द मी वाचला होता, वापरला नव्हता. २०१३ मध्ये पीएचपी ५.५ सोबत आला. ज्या फंक्शनात यील्ड आहे ते रिटर्न करून संपत नाही, एक वस्तू देतं आणि तिथेच थांबतं. पुढची मागितली की जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू.

मी तीन फंक्शन लिहिली आणि त्यांना देवनागरी नावं दिली. हो, पीएचपीत चालतं. नावात १२७ च्या वरचा कुठलाही बाइट चालतो, त्यामुळे ओळी_वाच, अंक_सुधार, पट्टी_कर ही कायदेशीर नावं आहेत. ऑफिसात असते तर कोणी तरी नाक मुरडलं असतं. घरी कोण विचारतंय. आणि एक सांगते, चार महिन्यांनी तो कोड उघडला तेव्हा मला स्वतःचाच कोड पहिल्यांदा लगेच समजला.

ओळी_वाच चालते की नाही बघायला मी तिच्या पहिल्याच ओळीत "सुरू झालं" असं छापायला सांगितलं. फंक्शन बोलावलं. काहीच छापलं नाही. पुन्हा बोलावलं, शांतता. अर्धा तास मी चुकीची फाइल सेव्ह करतेय का, सर्व्हर जुनाच कोड वाचतोय का, हे बघण्यात घालवला. फाइलचं नाव मुद्दाम चुकीचं दिलं, तरी तक्रार नाही! मग डोक्यात प्रकाश पडला. यील्ड असलेलं फंक्शन बोलावलं की ते पळत नाही, फक्त तयार होऊन उभं राहतं. कोणी पहिली ओळ मागेल तेव्हा आतला कोड हलणार. फॉरईच लावला आणि "सुरू झालं" छापलं गेलं, पाठोपाठ फाइल नसल्याची तक्रारही आली. तेव्हापासून फाइल आहे की नाही ही तपासणी मी यील्डवाल्या फंक्शनाच्या बाहेर ठेवते. नाहीतर चूक एका जागी आणि आरडाओरडा भलत्याच जागी.

दुसरी खोड. शेठना प्रगती दिसावी म्हणून मला आधी एकूण ओळी मोजायच्या होत्या. मोजल्या आणि मग त्याच जनरेटरवर (यील्डवालं फंक्शन बोलावलं की जे हातात येतं ते) काम सुरू केलं. उत्तर आलं की हा जनरेटर बंद झालाय, पुन्हा फिरवता येणार नाही. खरंच आहे, काट्यावरून गेलेली गोण पुन्हा काट्यावर कशी येईल. मग मी हुशारी केली आणि इटरेटर_टू_ॲरे लावलं, म्हणजे पुन्हा सगळं एका ॲरेत. आणि परत १३४२१७७२८. जुनी ओळख. प्रगतीची पट्टी काढून टाकली. त्याऐवजी दर दहा हजार ओळींना एक टिंब छापते, शेठना तेही चालतं.

जोडणी मात्र बघत राहावी अशी झाली. पट्टी_कर ने अंक_सुधारकडे एक ओळ मागायची, अंक_सुधारने ओळी_वाचकडे, ओळी_वाचने फाइलकडे. सर्वांत टोकाचा मागतो तेव्हाच सगळे हलतात आणि कोणत्याही क्षणी आत एकच ओळ. शेतकरीवार बेरजेचा एक ॲरे तेवढा ठेवला, पण शेतकरी नऊ हजारांच्या आसपास, त्यामुळे तो छोटाच. मेमरीचं शिखर साडेपाच एमबी. २६४ एमबीची फाइल, डेटाबेस सोडून, नऊ सेकंदांत आरपार. डेटाबेसमध्ये पाचशे-पाचशे ओळींचा एकेक व्यवहार करून टाकल्या, त्यात विशेष काही नाही.

मध्ये एकदा २०१६ च्या ओळींवर गाडी थांबली. शीर्षकं आणि किमती यांच्या जोड्या लावणारं ॲरे_कंबाइन म्हणालं, शीर्षकं चौदा आणि किमती तेरा, हे जुळत नाही. पीएचपी ८ पासून ते यावर सरळ एरर फेकतं. तारीख बघितली तर जुलै २०१६. दिवाणजींना फोन केला. ते म्हणाले, "अगं, तेव्हाच नाही का आडत शेतकऱ्याकडून घ्यायची बंद झाली, खरेदीदाराकडून घ्यायची असा नियम आला. किती दिवस मार्केट बंद होतं." सॉफ्टवेअरवाल्याने तेव्हा तो रकानाच काढून टाकला होता. सरकारच्या एका निर्णयाचा वण माझ्या फाइलमध्ये एका स्वल्पविरामाएवढा उमटला होता. पट्टी_कर मध्ये एक अट घातली, तेरा आले तर आडत शून्य. पुढे गेले.

आणि मग ऑगस्ट २०१९.

बेरजा घेऊन गाळ्यावर गेले. दिवाणजींनी चष्मा लावला, खतावणी उघडली आणि महिना-महिना बोट फिरवायला सुरुवात केली. २०१२ जुळलं, १३ जुळलं. मला वाटलं हे आता थांबतील. नाही थांबले. २०१९ च्या जुलैत रक्कम कमी आली, ऑगस्टमध्येही. दोन्ही मिळून १ लाख २८ हजारांचा फरक. बाकी एकशे चाळीसहून जास्त महिने पैशापैशाने बरोबर.

"त्या दोन महिन्यांत मी गावी होतो," दिवाणजी म्हणाले. "पाय मोडला होता. शेठचा भाचा बसायचा."

भाच्याने मराठी कीबोर्ड लावून आकडेही देवनागरीत टाइप केले होते. हे मला माहीत होतं, आणि त्यासाठीच तर मी एक गाळणी स्वतः बनवली होती. पीएचपीत पीएचपी_यूजर_फिल्टर नावाच्या तयार साच्यावरून आपली गाळणी लिहिता येते. माझी गाळणी ० ते ९ हे देवनागरी अंक पकडून त्यांचे इंग्रजी अंक करायची. इंग्रजी अंक केले नाहीत तर पीएचपीला "१४३२०" म्हणजे शून्य. अंक_सुधार या फंक्शनात तोवर फक्त मोकळ्या जागा छाटण्याचं काम उरलं होतं, अंकांचं काम मी मोठ्या ऐटीत गाळणीकडे दिलं होतं. एवढ्यात मी आणखी एक बदल केला होता. रोज चाचणी घेताना तेच रूपांतर परत परत कशाला, म्हणून फाइल एकदाच यूटीएफ-८ करून ठेवली होती आणि माझी गाळणी आता त्या फाइलला थेट लागत होती.

चुकीच्या ओळी हुडकायला वजन गुणिले दर केलं आणि रकमेशी ताडून बघितलं. अकरा ओळी निघाल्या. त्यातली एक समोर ठेवते. वजन ७१६ किलो, दर २०, रक्कम हवी १४३२०. डेटाबेसमध्ये १४. फक्त चौदा रुपये.

गाळणीतून बाहेर पडलेला मजकूर छापला. एक इंग्रजी, चार इंग्रजी, मग देवनागरी तीन, मग दोन इंग्रजी, शून्य इंग्रजी. पाच अंकांतला मधला एकच अंक सुटला होता. पीएचपीने डावीकडून वाचलं, एक, चार, पुढे भलतंच काही, थांबा. चौदा. आणि मी मजकूर जबरदस्तीने फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश संख्येत, ढकलत होते त्यामुळे तक्रारही नाही.

का सुटला? गाळणीकडे फाइल ओळीओळीने येत नाही, ८१९२ बाइटांच्या बादल्यांनी येते. देवनागरी तीन म्हणजे २२४, १६५, १६९ असे तीन बाइट. एका बादलीच्या तळाशी २२४ पडला आणि १६५, १६९ पुढच्या बादलीत गेले. माझ्या गाळणीने पहिल्या बादलीत "३" शोधला, मिळाला नाही. दुसऱ्यात शोधला, मिळाला नाही. दोन्ही बादल्या पुढे गेल्या, पाणी एक झालं आणि ३ पुन्हा साबूत. सात लाख ओळींत बादलीची कड नेमकी रकमेतल्या देवनागरी अंकावर यायची शक्यता थोडीच, पण भाच्याचे दोन महिने होते ना. अकरा वेळा आली.

पुन्हा तेच. भाऊसाहेब तुटले होते तसाच ३ तुटला होता, फक्त या वेळी तोडणारी मी होते. आयकॉन्व्हची तयार गाळणी अर्धवट अक्षर राहिलं तर ते राखून ठेवते आणि पुढच्या बादलीला जोडते. मी ते केलं नव्हतं. करता आलं असतं, बादलीच्या शेवटचे एक-दोन अर्धे बाइट गाळणीत अडवून ठेवायचे. रात्रभर बसून लिहिलंही. चाललंही. आणि सकाळी काढून टाकलं. अंक बदलणं हे अक्षरांचं काम आहे, बाइटांच्या वाटेवर उभं राहून ते करायला मी गेलेच का? अंक_सुधार या फंक्शनाकडे पूर्ण ओळ येते, तुटलेलं काही येतच नाही. अक्षरांच्या जागी अक्षरं घालणारा एक स्ट्रट्र तिथे टाकला, गाळणीचे चाळीस ओळींचे कष्ट संपले. गाळणी लिहिल्याचा अभिमान अजून आहे, ती फाइल मी जपून ठेवली आहे, वापरत नाही. आणि रकमेला फ्लोटमध्ये ढकलण्याआधी इज_न्यूमेरिक, म्हणजे हा आकडाच आहे ना, असं विचारते. उत्तर नाही आलं तर ओळ वेगळ्या फाइलमध्ये. शेठच्या पैशाला गप्प बसून चौदा रुपये म्हणायचं नाही.

शेठसाठी वार्षिक गोषवारा डाउनलोड करायची सोय ठेवली. तीही स्ट्रिंग न जमवता, सरळ पीएचपी-आउटपुट या प्रवाहात ओळ लिहीत जायची, ब्राउझर घेत जातो. एक्सेलमध्ये मराठी नीट उघडावी म्हणून सुरुवातीला तेच तीन न दिसणारे बाइट, ज्यांनी "दिनांक" लपवला होता, आता मी स्वतःच्या हाताने घालते.

परवा अखेरची बेरीज घेऊन गेले. पाऊस होता, गाळ्यासमोर गाडी उभी होती, गोण्यांवर ताडपत्री. दिवाणजींनी २०१९ चा ऑगस्ट उघडला, माझ्या कागदावरचा आकडा बघितला, खतावणीतला बघितला आणि पेन्सिलने बारीक टिक केली. मग म्हणाले, "थांब," आणि कपाटातून २०१४ ची चोपडी काढली. एक पान शोधून माझ्यासमोर सरकवलं.

"हे बघ. हा भाऊसाहेब आणि हा भाऊसाहेब वेगळे आहेत. एक मंचरचा, एक नारायणगावचा. तुझ्या यंत्रात एकच धरलाय."

मी गाव बघितलं. दोन्हीकडे गावाचा रकाना कोरा होता.

"मग तुम्ही कसं ओळखता?"

"अक्षरावरून," ते म्हणाले, "सही बघ ना त्यांची," आणि दुसरा चहा सांगितला.